अनुभव धागा: हार्डवेअर वॉलेट लॅपटॉपला जोडताना तुमच्याकडे काय झालं?

गेल्या महिन्यात गुहागरचा माझा मावसभाऊ आमच्याकडे रत्नागिरीला आला होता. जेवणं झाल्यावर ओटीवर बसून त्याने जे सांगितलं, त्याने मला रात्रभर झोप लागली नाही. ते तो स्वतःच खाली लिहिणार आहे. क्रिप्टो घ्यावं की नाही, हा वाद इथे नको. ज्यांनी घेतलंय आणि एक्स्चेंजवरून (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या साइटवरून) काढून स्वतःच्या हार्डवेअर वॉलेटमध्ये, म्हणजे क्रिप्टोची गुप्त किल्ली सांभाळणाऱ्या छोट्या यंत्रात ठेवलंय, त्यांनी ते यंत्र पहिल्यांदा लॅपटॉपला लावलं तेव्हा काय घडलं, कुठे अडलं, कुठे थोडक्यात बचावलात, ते लिहा. रक्कम लिहू नका. यंत्र घरात कुठे असतं तेही नको. गावाचं नाव पुरे.

माझ्यापासून सुरुवात करतो. यंत्र आलं, डबा उघडला, हाताशी होती ती मोबाइलची केबल लावली. यंत्राचा दिवा लागला, पण लॅपटॉपला काही दिसेना. दोन तास गेले. मग मी एक चूक करता करता थांबलो. सर्च करून सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीवरून 'ड्रायव्हर' उतरवायला निघालो होतो. विंडोजवर माझ्या यंत्राला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. दोष केबलचा होता. चार्जिंगपुरत्या बनवलेल्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, वीज तेवढी जाते. डब्यातली मूळ केबल लावली आणि क्षणात जोडलं गेलं. यंत्र दिसत नसेल तर आधी केबल बदला, हब काढून थेट पोर्टला लावा. ॲप उतरवायचं ते कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाईप करून, जाहिरातीवरून कधीच नाही.

गुहागरहून

मीच तो मावसभाऊ. माझंही यंत्र असंच दिसत नव्हतं, फक्त मी थांबलो नाही. जाहिरातीवरचं ॲप उतरवलं. दिसायला हुबेहूब खरं. यंत्र लावल्यावर त्यात खिडकी उघडली: वॉलेट नीट जोडलं गेलं नाही, पडताळणीसाठी 24 शब्द भरा. बायको आत चहा करत होती. यंत्र पहिल्यांदा सुरू करताना त्याने दाखवलेले ते शब्द मी वहीत लिहून ठेवले होते. तिथून बघून एकेक टाईप केला, स्पेलिंग दोनदा तपासलं. चहा येईपर्यंत वॉलेट रिकामं झालं होतं.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली, व्यवहाराचा क्रमांक दिला. पैसे परत आले नाहीत. इतरांना माझं एवढंच सांगणं आहे की त्या शब्दांना लॅपटॉपवर जागाच नाही. गुप्त किल्ली यंत्रातून बाहेर पडत नाही, सही यंत्राच्या आत होते, लॅपटॉपकडे नुसता सही झालेला व्यवहार येतो. आणि ते 24 शब्द म्हणजेच किल्ली. ते टाईप केले की यंत्र असून नसून सारखं. ही गोष्ट मला ठाऊक होती. तरी खिडकीतल्या लाल अक्षरांनी घाबरवलं आणि हात चालले.

देवगडहून

आमची हापूसची बाग आहे. यंत्र मी स्वस्त पडतं म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलं. डब्यात एक कार्ड निघालं, त्यावर चंदेरी पट्टी, खाली 24 शब्द आधीच छापलेले आणि सूचना: हे शब्द भरून सुरू करा. लॉटरीच्या तिकिटासारखं खरवडायचं. मला तर वाटलं, केवढी सोय! बाबांना इंग्रजी फारसं येत नाही, पण ते म्हणाले, "कुलपाबरोबर चावी आली, म्हणजे ती आधी कोणाच्या तरी हातात होती ना?"

मी थांबलो आणि वाचत बसलो. शब्द यंत्राने स्वतः, तुमच्यासमोर, त्याच्या पडद्यावर दाखवायचे असतात. आधी छापून आले असतील तर ते दुसऱ्या कोणाकडे आहेतच. त्या वॉलेटमध्ये टाकलेला पैसा आज ना उद्या तोच उचलणार. पार्सल परत पाठवलं. आता कंपनीकडूनच मागवलं, आणि जोडल्यावर ॲपने यंत्र अस्सल असल्याची तपासणी केली तेव्हा पुढे गेलो.

*(धागाकर्ता: याला जोडून. 2020 मध्ये ही यंत्रं बनवणाऱ्या लेजर या फ्रेंच कंपनीच्या ग्राहकांची माहिती चोरीला गेली. सुमारे 2,72,000 जणांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर त्या डिसेंबरमध्ये उघड्यावर आले. पुढच्या वर्षी काहींच्या घरी पोस्टाने 'बदली यंत्र' आलं, आत फेरफार केलेलं. तेव्हा न मागवता आलेलं यंत्र लॅपटॉपला लावायचंच नाही.)*

हर्णैहून, सध्या जहाजावर

मी मर्चंट नेव्हीत आहे. जहाजावर क्रूसाठी मेसमध्ये एक कॉम्प्युटर असतो, सगळे तोच वापरतात, कोणी त्यात काय पेनड्राइव्ह लावले असतील देव जाणे. माझा लॅपटॉप बिघडला होता आणि घरी तातडीने पैसे पाठवायचे होते. नाइलाजाने यंत्र त्यालाच लावलं. एक्स्चेंजचा ॲड्रेस (क्रिप्टो जिथे जमा व्हायचं तो अक्षरं-आकड्यांचा लांबलचक पत्ता) कॉपी केला, ॲपमध्ये पेस्ट केला, यंत्रावर तपासायला आला.

मी पेस्ट केलेल्या चौकटीशी जुळवला. अक्षर न् अक्षर जुळलं. बटण दाबणार तेवढ्यात मोबाइलवर एक्स्चेंजचं पान उघडलं, आणि तिथे शेवटची चार अक्षरं निराळी होती. पुन्हा कॉपी केलं, पुन्हा पेस्ट केलं, पुन्हा तेच. त्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी बसलेलं होतं, ते कॉपी केलेला ॲड्रेस मधल्या मध्ये बदलत होतं.

बहुतेक जण हे अर्धंच सांगतात, म्हणून लांबण लावतो. "यंत्राच्या पडद्यावर तपासा" हे बरोबर, पण कशाशी ताडून? चौकटीत चोराचा ॲड्रेस पेस्ट झाला असेल तर यंत्रही तोच दाखवणार, दोन्ही जुळणार आणि तुम्ही निश्चिंत मनाने सही करणार. यंत्राचा पडदा ताडायचा तो मूळ ठिकाणाशी, तेही दुसऱ्या उपकरणावर उघडून. आणि पूर्ण ॲड्रेस. पहिली-शेवटची अक्षरं सारखी असलेले ॲड्रेस तयार करून ठेवणारे लोक आहेत.

तो व्यवहार मी केला नाही. वायर काढली, बटणं दाबून यंत्र बंद केलं. पैसे घरी कसे पोचले ते आमची मंडळी सांगेल.

मालवणहून

आमचा होमस्टे आहे. जुलैतली गोष्ट. बाहेर धो धो पाऊस, मी यंत्राच्या फर्मवेअरचं (आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट लावलं आणि निम्म्यावर लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली, त्यामुळे तोही बंद. यंत्राच्या पडद्यावर नुसती अपडेटची खूण, पुढे काही हलेना. माझे हातपाय गार पडले. सासूबाई मेणबत्ती घेऊन आल्या, म्हणाल्या, "ह्यां काय आसा गो? रडतंस कित्याक?"

लाईट रात्री साडेअकराला आली. लॅपटॉप सुरू केला, यंत्र पुन्हा लावलं, ॲपने अपडेट पुन्हा पहिल्यापासून केलं आणि सगळं जागच्या जागी होतं. त्या चार तासांत मला धीर होता तो एवढाच, की शब्द हाताने लिहून ठेवले होते आणि लिहिल्यावर एकदा यंत्रात भरून पडताळले होते. यंत्र गेलं असतं तरी दुसरं आणून त्यात शब्द भरता आले असते. आता पावसाळ्यात अपडेट असेल तर इन्व्हर्टर बघते, शब्दांचा कागद समोर आहे ना बघते, मगच.

चिपळूणहून

22 जुलै 2021. ज्यांना माहीत आहे त्यांना पुढे सांगायला नको. वाशिष्ठीचं पाणी तळमजल्यात छतापर्यंत होतं. यंत्र आणि शब्दांची वही एकाच कपाटात, तीच माझी चूक. दोन दिवसांनी चिखलातून कपाट उघडलं तेव्हा यंत्र मेलेलं आणि वही लगद्यासारखी. पानं अलगद सोडवून सुपात पसरली. मी जेल पेनने लिहिलं होतं. 21 शब्द वाचता आले, तीन पसरलेले.

हे शब्द कुठलेही नसतात. 2048 शब्दांची ठरलेली यादी आहे, आणि तिच्यात पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखू येतो, दोन शब्दांची पहिली चार अक्षरं कधीच सारखी नसतात. दोन शब्दांची चार अक्षरं दिसत होती, ते सुटले. तिसऱ्याची फक्त दोन. तसे यादीत वीसेक शब्द होते.

लॅपटॉपवर असा शब्द सेकंदात शोधणारे प्रोग्रॅम आहेत. पण त्यासाठी उरलेले 23 लॅपटॉपवर लिहावे लागले असते, ते मी केलं नाही. नवं यंत्र आणलं आणि रोज रात्री साफसफाई आटोपली की दोन-तीन शब्द घालून बघायचो, दर वेळी 24 च्या 24, दोन बटणांनी. 24 शब्दांत एक तपासणीचा हिशोब दडलेला असतो, चुकीचा शब्द पडला तर यंत्र जवळपास नेहमीच नाकारतं. सहाव्या रात्री त्याने स्वीकारलं. पडद्यावर जुना ॲड्रेस आला, तेव्हा बायकोला उठवून दाखवला.

लगेच नवे शब्द तयार करून सगळं तिकडे हलवलं. आता शब्द स्टीलच्या पट्टीवर आहेत. भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडे द्यायचा विचार होता, पण मग त्याने ते वाचले असते. म्हणून अक्षरांचे पंच आणले आणि स्वतः हातोडीने ठोकले, प्रत्येक शब्दाची चारच अक्षरं. आपल्या खाऱ्या हवेत साध्या पत्र्याला गंज चढतो, 316 नंबरचं स्टील घ्या. ते जास्त टिकतं.

अलिबागहून

थोडक्यात. मी लिनक्सवर आहे. यंत्र दिसत नसेल तर यूडेव्हचे नियम (लिनक्सने यंत्र वापरू द्यावं म्हणून घालायची छोटी फाइल) घालावे लागतात, ते कंपनीच्याच पानावरून घ्या. माझं यंत्र ट्रेझर वन या मॉडेलचं आहे. पिनचे आकडे यंत्राच्या पडद्यावर दर वेळी वेगळ्या क्रमाने येतात, लॅपटॉपवर नुसत्या नऊ रिकाम्या चौकटी असतात. लॅपटॉपवर तुमचे क्लिक कोणी टिपत असेल तरी पिन त्याला कळत नाही.

कुडाळहून

करसल्लागारांकडे काम करते. एक्स्चेंजवरून आपल्याच वॉलेटमध्ये आणलं ती विक्री नव्हे, पण विकलं की नफ्यावर 30 टक्के आहे आणि 1 जुलै 2022 पासून विकताना 1 टक्का टीडीएस. दर वेळी यंत्र जोडून व्यवहार केला की तारीख आणि व्यवहार क्रमांक वहीत उतरवा. मार्चअखेर आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे तोच नसतो.

हर्णैहून, वर लिहिलेल्यांच्या घरून

हे जहाजावरून लिहितात, तर पुढचं मी लिहिते. दुसरं यंत्र घरी असतं, त्याच शब्दांचं. ह्यांनी फोन केला तेव्हा समुद्रातून आवाज तुटत येत होता. आमचं लग्नानंतर लगेच ठरलेलं, की शब्द फोनवर कोणी मागायचे नाहीत, ह्यांनीसुद्धा नाहीत. दोन वर्षांपूर्वी एकाने ह्यांचं नाव सांगून, बंदरात अडकलोय म्हणून ते मागितले होते. मी फोन ठेवला होता.

या खेपेला ह्यांनी फक्त एवढं सांगितलं, की लॅपटॉप उघड, यंत्र लाव, पिन टाक. एक्स्चेंजचं पान मी माझ्या मोबाइलवर उघडलं, ह्यांनी त्यांच्या. पैसे जायचा ॲड्रेस यंत्राच्या पडद्यावर आला. तो एकदम मावत नाही, बटण दाबत पुढे सरकवावा लागतो. मी एकेक अक्षर मोठ्याने वाचत गेले, ते तिकडून "हां" म्हणत गेले. मध्ये दोनदा फोन तुटला, दोन्ही वेळा पहिल्या अक्षरापासून वाचलं. शेवटचं अक्षर जुळलं, मग मी दोन्ही बटणं एकदम दाबली.