दुकानात मिळतं म्हणून बिनधोक?

नेरुळची सिस्टर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "केटामाइन म्हणजे घोड्याचं इंजेक्शन, त्यापेक्षा खोकल्याच्या सिरपची नशा बरी, काही होत नाही." चौदा वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलीत, म्हणून गप्प बसवत नाही. केटामाइन 1970 पासून माणसांच्या भुलीचं औषध आहे. अपघातातल्या बीपी घसरलेल्या पेशंटलाही देतात, कारण त्याने बीपी सहसा आणखी पडत नाही आणि श्वासही चालू राहतो. पण शेजारी मॉनिटर आणि भूलतज्ज्ञ असतो. खोकल्याच्या सिरपमध्ये नशा देणारं औषध असतं डेक्स्ट्रोमेथॉर्फन. त्याच्या बाटलीशेजारी कोण असतं?

घोडबंदरचा वाघ: मीच लिहिलं होतं. घोड्याला देतातच ना? आणि लघवीच्या पिशवीचं सोयीस्कर विसरलात ताई. केटामाइन ओढणारा माझा जुना रूममेट दर वीस मिनिटांनी बाथरूममध्ये. शेवटी रक्त. सिरपने असं झालेलं दाखवा.

नेरुळची सिस्टर: पिशवीचं मान्य. नेहमी नाकाने ओढणाऱ्यांची आतून सोलवटते, आकसते. 2007 पासून डॉक्टर लिहीत आलेत. आता सिरपचं लेबल वाचा. कुठे क्लोरफेनिरामाइन म्हणजे सर्दी-अ‍ॅलर्जीचं औषध, कुठे पॅरासिटामॉल. जास्त पॅरासिटामॉलनेच लिव्हर जातं. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन चढून ताप, थरथर, झटके. शिवाय काहींच्या शरीरात डेक्स्ट्रोमेथॉर्फन लवकर मोडतच नाही. मित्राची उतरलेली असते, याची चढतच असते.

हरिनिवासचे आजोबा: मूळ दोष मेडिकलवाल्यांचा! कॉलेजच्या पोराला दोन बाटल्या बिनचिठ्ठीच्या, आणि माझ्या बीपीच्या गोळीला मात्र चिठ्ठी. तीही गेल्या वर्षीची चालत नाही म्हणे.

घणसोली मेडिकलवाला: आलं आमच्यावर. केटामाइन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहे, चिठ्ठी दोन प्रतींत, एक आम्ही दोन वर्षं जपायची. सिरपला चिठ्ठी मागितली की तुम्हीच ओरडता, "रात्री साडेदहाला डॉक्टर कुठून आणू?" परवा एक काका काउंटरवर छत्री आपटून गेले.

हरिनिवासचे आजोबा: तो मी नव्हे. पण आपटायलाच हवी होती. आणि दोन रुपये सुट्टे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट ठेवता, त्याचं काय? मला शुगर आहे.

घणसोली मेडिकलवाला: यूपीआय करा ना काका.

हरिनिवासचे आजोबा: दोन रुपयांसाठी पासवर्ड टाकू?

नेरुळची सिस्टर: सुट्ट्या पैशांचा वेगळा धागा काढा, हात जोडते.

खारघर सेक्टर बारा: माझा भाऊ सिरप प्यायला होता. पाय लाकडासारखे टाकत चालला होता, हाक मारली तर बघेना. आम्ही सातव्या मजल्यावर. बाल्कनीचा कठडा त्याला जिना वाटला. आईने मागून शर्ट धरला, दोन बटणं तुटली. ती अजून तिच्या शिवणाच्या डब्यात आहेत.

घोडबंदरचा वाघ: बरं बाबा, सिरपही वाईट. "काही होत नाही" खोडतो. घोडा मात्र राहणार.