सर्जनला गोळ्यांचं सांगायचं की नाही? (वजन ११२, लिथियम चालू आहे)

मेसवाली, सांगली:

नमस्कार. माझं वय ३९, उंची ५ फूट २ इंच, वजन ११२ किलो. विश्रामबागेत कॉलेजच्या मुलांची मेस चालवते, दोन्ही वेळची मिळून ४० ताटं होतात. दिवसभर ओट्याशी उभी असते. म्हणून कुणी म्हणालं की तुम्ही हालचाल करत नाही, तर डोळ्यांत पाणी येतं.

२०१४ला धाकट्याच्या बाळंतपणानंतर महिन्याभरात पहिला झटका आला. चार रात्री डोळ्याला डोळा नाही, पहाटे तीनला पुरणाचा घाट घातलेला, गणपती पेठेतून उधारीवर अकरा साड्या आणलेल्या. त्यानंतर तीन महिने अंथरुणातून उठले नाही. बायपोलर आहे म्हणून सांगितलं. लिथियम आणि ओलांझापिन सुरू झालं. डोकं ठिकाणावर आलं, पण भूक अशी लागायची की घरातल्यांची जेवणं उरकली की मी पातेलं पुसून खायचे. दीड वर्षात ६८ची ९४ झाले. मग ओलांझापिन काढून क्वेटियापिन दिलं. आता रात्री क्वेटियापिन २०० आणि लिथियमच्या ४००च्या दोन गोळ्या, त्या सावकाश विरघळणाऱ्या.

गोळ्या बंद केल्या की काय होतं ते मी २०१९च्या महापुरात बघितलंय. तेव्हा आम्ही गावभागात राहायचो. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. बोट आली तेव्हा एका माणसाने सगळ्यांसमोर सांगितलं, ‘ह्या बाईंना शेवटी घ्या, बोट कलंडेल.’ मुलं पुढे गेली, मी मागे राहिले. गोळ्यांचा डबा घरात पाण्याखाली. शाळेतल्या छावणीत आठ दिवस एकही गोळी पोटात नाही आणि लाजेनं कुणाला सांगितलंही नाही. गणपती बसले तेव्हा मी दवाखान्यात दाखल होते. त्यानंतर आजवर एक दिवस गोळी चुकवलेली नाही.

आता शुगर आहे, तीन महिन्यांची सरासरी ८.४. मेटफॉर्मिन चालू आहे. बीपीला टेल्मिसार्टन. गुडघे दुखतात म्हणून दिवसाआड दुकानातून दुखण्याची गोळी आणून घेते. शुगरच्या डॉक्टरांनी वजनाच्या ऑपरेशनचं सुचवलं म्हणून गेल्या मंगळवारी सर्जनकडे जाऊन आलो. ते स्लीव्ह करू म्हणाले, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकतात. फॉर्मवर ‘चालू औषधे’ असा रकाना होता. शुगरची लिहिली, बीपीची लिहिली, आणि पुढं लिहिणार तोच मिस्टरांनी हळूच हात दाबला. मी पेन खाली ठेवलं.

सासूबाईंचं म्हणणं, डोक्याच्या गोळ्या कळल्या तर डॉक्टर हात लावणार नाहीत. शिवाय पुतणीचं लग्न ठरतंय आणि मुलाकडची मंडळी मिरजेचीच आहेत, त्या दवाखान्यात त्यांची ओळख आहे. घरातल्यांची भीती खोटी नाही, मला कळते. पण मला रात्री झोप लागत नाही, आणि माझ्या आजारात झोप जाणं म्हणजे काय ते इथल्या काहींना माहीत असेल.

लिथियम चालू असताना कुणी हे ऑपरेशन केलंय का? सांगितलं तर खरंच नाही म्हणतात का? गोळ्या बंद करायला लावतात का?

शाहूपुरी, सातारा:

ताई, मी केलंय. २०२२ला, स्लीव्हच, लिथियम चालू असताना. तेव्हा वजन १३१ होतं, पोवई नाक्यावरून घरी चालत येताना तीनदा टेकायचो.

पहिल्याच भेटीत मी सगळी फाईल सर्जनच्या टेबलावर ठेवली. ते म्हणाले, आजार आहे म्हणून आम्ही नाही म्हणत नाही, काबूत नसेल तर थांबतो. त्यांनी माझ्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडून पत्र मागितलं: किती महिने स्थिर आहे, कोणत्या गोळ्या, रक्तातलं लिथियम किती. दोघे फोनवर बोलले. मला चार महिने थांबावं लागलं. तेव्हा राग आला होता, आता वाटतं बरं झालं.

गोळी बंद करायला कुणी सांगितलं नाही. पण खरा प्रश्न ऑपरेशननंतरचा आहे, तो तुम्हाला नीट सांगतो. पहिले दोन आठवडे नुसतं पातळ. एक पेला पाणी प्यायला मला तास लागायचा, घोट घोट. लिथियम किडनीवाटे बाहेर पडतं. अंगात पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते. गोळी तीच, पण रक्तात साठत जाते. अकराव्या दिवशी माझे हात असे थरथरायला लागले की बशीत कप वाजायचा. मग जुलाब, चालताना तोल जायला लागला. मला वाटलं अशक्तपणा. बायकोने ऐकलं नाही, तिने रिक्षा बोलावली. लिथियम १.७ निघालं. माझं नेहमी ०.८ असायचं. सलाइन लावलं, डॉक्टरांनी दोन दिवस गोळी थांबवली आणि मग कमी डोसवर पुन्हा सुरू केली. स्वतःहून काही केलं नाही, हे लक्षात घ्या.

त्यानंतर सहा आठवडे दर आठवड्याला रक्त. रात्री नऊला गोळी घेतली की सकाळी नऊला रक्त द्यायचं, म्हणजे बरोबर बारा तास. मध्ये वेळ चुकली की आकडा फसवा येतो.

आणखी एक. पाचव्या महिन्यात ३० किलो उतरले होते. जो भेटेल तो कौतुक करायचा. मी पहाटे चारला उठून अजिंक्यताऱ्यावर जायला लागलो, दिवसातून दोनदा. सगळे म्हणाले, काय उत्साह! आमच्या हिने मात्र वही ठेवली होती: झोप किती तास, पाणी किती पेले. वहीत सलग सहा दिवस झोप चार तासांची निघाली. तिने त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. आनंद कुठला आणि आजार कुठला, हे मला आतून ओळखता येत नव्हतं. आज वजन ९४ आहे. मध्ये ९० झालं होतं, चार परत आले.

मिरज, औषधवाला:

ताई, मी डॉक्टर नाही, मिरजेत औषधाच्या दुकानात २२ वर्षं उभा आहे. ऑपरेशन राहू दे बाजूला, तुमच्या आजच्या यादीतल्या दोन गोष्टी वाचून काळजी वाटली.

एक, ती दुखण्याची गोळी. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असिक्लोफेनॅक या जातीतली असेल तर ती रक्तातलं लिथियम वाढवते. दुकानात कुणी विचारत नाही, आम्हीही घाईत देतो, हा आमच्या धंद्याचा दोष आहे. पॅरासिटामॉलने लिथियम वाढत नाही, पण गुडघ्यांसाठी काय घ्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा. वजनाच्या ऑपरेशननंतरही या जातीच्या गोळ्या टाळायला सांगतात, बायपासवाल्यांना (जठर छोटं करून आतड्याला जोडतात, त्यांना) तर कायमच्या, कारण त्या जोडाच्या जागी जखमा होतात.

दुसरं, टेल्मिसार्टन. तेही लिथियम वाढवू शकतं. त्यात बीपी म्हणून तुम्ही मीठ तोडलं असेल तर आणखी. उद्यापासून बंद करू नका, पण ज्यांनी बीपीची गोळी दिली त्यांना लिथियमचं माहीत आहे का? मला शंका आहे की त्यांच्याकडेही तो रकाना कोराच राहिला असेल. लिथियमबरोबर क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि थायरॉइडही बघून घ्या.

आणि तुमची गोळी सावकाश विरघळणारी आहे. ऑपरेशननंतर मोठी गोळी गिळवत नाही म्हणून लोक कुटून घेतात. ही कुटायची नाही, सगळं औषध एकदम अंगात उतरतं. ऑपरेशननंतर, विशेषतः बायपासनंतर, अशा गोळ्या नेहमीसारख्या लागू पडतीलच असं नसतं. साध्या गोळीवर जायचं का, हे आधीच ठरवून घ्या.

कराडची धाकटी:

मला हे लिहायला दोन दिवस लागले. आमच्या ताईने लपवलं होतं. दाजींनीच लपवायला लावलं, आणि आम्ही सगळे गप्प बसलो, मीसुद्धा. दवाखान्यात पाकिटं दिसतील म्हणून ऑपरेशनच्या आठवडाभर आधी तिने लिथियम एकदम बंद केलं. ऑपरेशन उत्तम झालं. तिसऱ्या आठवड्यात ती रात्री घरातून निघून गेली, दीड वाजता प्रीतिसंगमावर, नदीकाठी सापडली. मग दुसऱ्या दवाखान्यात दीड महिना. सर्जनचा काही दोष नव्हता, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते आम्हाला म्हणाले, एवढं सांगितलं असतं तर मी दोन महिने थांबलो असतो, बस.

ताई आता बरी आहे, गोळ्या घेते. पण तुमच्या मिस्टरांना माझं हे वाचून दाखवा, अशी विनंती आहे. आणि झोप लागत नाही म्हणालात, तर डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत १४४१६ वर फोन करा. टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

पलूस:

पॉलिसी असेल तर तेही बघा. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त असेल, किंवा ३५च्या वर असून आटोक्यात न येणारी शुगर, झोपेत श्वास अडकणं असे गंभीर आजार असतील, तर हे ऑपरेशन विम्याच्या वगळलेल्या यादीतून बाहेर येतं. तुमचा साधारण ४५ येतो. पण माहिती लपवली तर क्लेम तिथंच अडकतो. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा, असं २०१७च्या कायद्यात आहे, तेव्हा ते लिहायला घाबरू नका.

मेसवाली, सांगली:

सगळ्यांना उत्तर द्यायला दहा दिवस लागले. कराडच्या ताई, तुमचं मिस्टरांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. उठून सासूबाईंच्या खोलीत गेले आणि दार लावून बराच वेळ बोलत बसले.

शुक्रवारी माझ्या डॉक्टरांकडे गेलो. दुखण्याची गोळी घेते हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. रक्त तपासलं, लिथियम १.१ निघालं. गेल्या वर्षी ०.७ होतं. हात थोडे कापायचे ते मी पोळ्या लाटून लाटून कापतात असं समजत होते. दुखण्याची गोळी बंद झाली, बीपीची बदलून दिली. झोपेचं त्यांनी बघितलं, आता सहा तास होते. क्रिएटिनिन ठीक आहे.

काल सर्जनकडे पत्र दिलं. मी रडले, त्यांनी पाणी दिलं. नाही म्हणाले नाहीत. लिथियम दोनदा बरोबर आल्याशिवाय तारीख नाही, म्हणजे दिवाळीनंतरच. तोवर आहाराच्या बाईंकडे जायचं, आणि ऑपरेशननंतर महिनाभर मेस नणंदेकडे द्यायची. मेसचं कसं होईल याचीच मला आता धास्ती आहे, चव घेतल्याशिवाय आमटी सोडायची सवय नाही.

पुतणीच्या लग्नाचं अजून काही कळलेलं नाही. सासूबाई माझ्याशी कमी बोलतात. पण आज सकाळी त्यांनी माझ्यासाठी लिटरची बाटली भरून ओट्यावर ठेवली होती.

तो फॉर्म परत मागून घेतला. रकान्यात लिथियम मी लिहिलं, क्वेटियापिनचं स्पेलिंग मिस्टरांनी पाकिटावरून बघून लिहिलं.

सोमवारी सकाळी नऊला पुन्हा रक्त द्यायचंय. शाहूपुरीचे दादा, वहिनींनी ती वही कशी आखली होती त्याचा एक फोटो टाकाल का? मिस्टर आजपासून सुरू करतो म्हणतायत.