जिटर म्हणजे विलंब? थरथर? की दोन्ही नाही?

एका मॅन्युअलचं मराठी चाललंय, त्यात 'जिटर' पानोपानी आहे. एकजण म्हणतो विलंब लिही, दुसरा म्हणतो थरथर. मला दोन्ही पटत नाहीयेत, तुम्ही लोक काय वापरता?

—

विलंब नकोच, तो लेटन्सीसाठी, म्हणजे पोचायला लागणाऱ्या वेळेसाठी, राखून ठेवा. जिटर म्हणजे तो वेळ दरवेळी कमीजास्त होणं. समजा नेटवर्कवर दर २० मिलिसेकंदांनी आवाजाच्या डेटाचा एक तुकडा, म्हणजे पॅकेट, निघतंय आणि प्रत्येक पॅकेट बरोब्बर १०० मिलिसेकंदांनी पोचतंय, तर विलंब भरपूर पण जिटर शून्य. तेच एक ४० मध्ये आलं, पुढचं ७५, त्यापुढचं परत ४२, तर विलंब कमी असूनही आलेली पॅकेटं थोडा वेळ साठवणारा बफर छोटा असेल तर आवाज तुटणार. विलंबित लयीत तासभर गाता येतं हो, पण लय हलली की संपलं.

—

थरथर अगदीच चूक नाही पण ती जागा वेगळी. सर्किटला ताल देणाऱ्या घड्याळ सिग्नलची कड पुढेमागे होते तिथे थरथर शोभते. टेलिकॉमवाले तर त्यातही भेद करतात, १० हर्ट्झच्या वरचा हेलकावा तो जिटर आणि त्याखालचा संथ तो वाँडर. आयपी नेटवर्कमध्ये मात्र २००२ च्या आरएफसी ३३९३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजानेच 'डीले व्हेरिएशन' हे नाव पुढे केलं, कारण जिटर जो तो आपापल्या अर्थाने वापरत होता. म्हणून 'विलंबातले चढउतार'. लांब आहे, पण खरं आहे.

—

शब्द कुठलाही घ्या, पण कशातले चढउतार ते लिहाच, माझा रोजचा वैताग हाच आहे. 'जिटर ५ आहे' म्हणून तक्रार येते, अरे पण कुठला ५? आरटीपीचा (नेटवर्कवरून थेट आवाज-चित्र पाठवायच्या पद्धतीचा) आकडा आरएफसी ३५५० प्रमाणे सरकती सरासरी असतो, नवा फरक फक्त सोळाव्या हिश्शाने धरतात, म्हणजे दोन पॅकेटांमध्ये एकदम ८० मिलिसेकंदांचा फरक पडला तरी आकडा शून्यावरून ५ वरच जातो आणि रिपोर्टमध्ये सगळं छान दिसतं. पिंग कमांडचा एमडेव्ह (वेळ किती कमीजास्त होतो तो आकडा) जाऊन-येऊनचा, कुठल्या बाजूने घोळ ते तो सांगत नाही. मी तरी कमाल आकडा आणि ९९ वा पर्सेंटाइल (शंभरातली ९९ पॅकेटं ज्याच्या आत बसतात तो आकडा) बघितल्याशिवाय बोलतच नाही.

आणि दरवेळी नेटवर्कच दोषी असतं असंही नाही. नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर टाइमस्टॅम्प (पॅकेट आल्याची कार्डानेच नोंदवलेली वेळ) आणि अ‍ॅप्लिकेशनने वाचल्याची वेळ शेजारी ठेवा. कार्डावर पॅकेट वेळेत आलंय आणि अ‍ॅपला उशिरा मिळालंय, तर स्विच बदलून काय उपयोग, प्रोसेसरचं पॉवर सेव्हिंग बघा, इंटरप्ट (पॅकेट आलं म्हणून कार्डाने प्रोसेसरला दिलेली हाक) एकत्र करायचं सेटिंग बघा. लिनक्स असेल तर सायक्लिकटेस्ट चालवा, त्यात नेटवर्कचा संबंधच नाही, नुसता टायमर किती उशिरा जागा होतो ते कळतं. कार्डावरच उशिरा येत असेल तर मग वायफाय सोडून केबल लावा, अपलोड भरून वाहत असताना परत मोजा, राउटरच्या रांगेत पॅकेटं तुंबतात की नाही ते लगेच दिसेल.

—

वरच्यांशी सहमत. मॅन्युअलमध्ये 'नेटवर्क जिटर' आणि 'शेड्युलिंग जिटर' (कॉम्प्युटरच्या आतच कामाला उशीर होतो तो) असे दोन वेगळे ठेव, नुसता जिटर लिहिलास तर वाचणारा राउटरच्याच मागे लागणार.

—

ठीक, पहिल्यांदा येईल तिथे 'विलंबातले चढउतार' आणि पुढे सगळीकडे जिटर असं करतो. एकच राहिलं, जिटर वाढला का वाढलं?

—

वाढला. आमच्याकडे तरी तो जिटर, ती लेटन्सी, ते पॅकेट.