मदत हवी आहे : जुन्या शिसवी कपाटातून पिठी पडतेय, पावसाच्या आधी काय करू?

एप्रिलमध्ये आम्ही गोव्यात फोंड्याला भाड्याच्या घरात आलो. बैठं जुनं घर, पुढे बाल्कांव (बसायचा ओटा), आत लाल सिमेंटची जमीन. सामान म्हणजे दोन गाद्या आणि गॅस. ३०,००० रुपयांत सगळं घर लावायचं ठरवलं, म्हणून नवीन काही घेतलंच नाही. पडदे आईच्या सुती साड्यांचे, मातीची भांडी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली. चोगम रस्त्यावरची जुन्या फर्निचरची दुकानंही पालथी घातली, पण तिथलं शिसवी सामान आम्हाला परवडणारं नव्हतं. मग शेजाऱ्यांकडून कळलं, म्हार्दोळजवळ एक आजी घर रिकामं करतायत. त्यांच्याकडून वेताच्या दोन खुर्च्या १,५०० ला आणि एक मोठं कपाट (त्या आरमार म्हणायच्या) ७,००० ला मिळालं. टेम्पोचे ९०० वेगळे.

या कपाटावर माझा जीव जडलाय. दारं गडद, हात फिरवला की गार लागतात. खालच्या खणाच्या तळाशी कुणीतरी पेन्सिलीने नारळांचा हिशेब मांडलाय, शेकड्यांत. तो मी पुसलेला नाही.

गेल्या आठवड्यात झाडताना कपाटाखाली पिवळसर पिठी दिसली. पुसली, दोन दिवसांनी पुन्हा तेवढीच. टॉर्च लावून पाहिलं तर मागच्या फळ्यांना आणि एका पायाच्या आतल्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आहेत. घरमालक म्हणतात वाळवी आहे, घराबाहेर काढा. ओळखीचे मेस्त (सुतार) मागच्या फळ्या काढून प्लायवूड ठोकायचे ४,००० सांगतायत. मला फळ्या टाकायच्या नाहीत, पण घराच्या वाशांना काही झालं तर तेही आमच्याच गळ्यात येईल. ही नक्की वाळवीच का? घरच्या घरी औषध करता येईल का? पॉलिशही उडालंय, ते आत्ता करावं की पावसाळ्यानंतर? जून तोंडावर आलाय, लवकर सांगा.

आणि एका खुर्चीचा वेत झोळीसारखा खाली आलाय, तुटलेला मात्र नाही.

प्रतिसाद

ताई, वाळवी नसावी. नेहमीची वाळवी मातीचे बोगदे करत येते आणि पिठी सांडत नाही. गोल भोकं आणि पिठी हे लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचं काम. शिसवीचं काळं, पक्व लाकूड त्याला सहसा नको असतं. मागच्या फळ्या बहुतेक हलक्या, पांढऱ्या लाकडाच्या असतील, म्हणून तिथेच लागला. कपाट भिंतीपासून ओढा, भुकटी झटका. हार्डवेअरच्या दुकानात लाकडाच्या किडीचं तेलकट औषध मिळतं, ते इंजेक्शनच्या सुईने एकेका भोकात सोडा आणि पॉलिश नसलेल्या सगळ्या भागांवर ब्रशने लावा. हातमोजे घाला, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, वास जाईपर्यंत आत कपडे नकोत. भोकं लगेच बुजवू नका. खाली काळा कागद घालून ठेवा, नवी पिठी दिसली तर पुन्हा औषध.

पॉलिशची घाई नको. न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवा. रंग चिकट होऊन सुटला तर ते चपडीचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. दमट हवेत चपडी पांढुरकी पडते, त्यामुळे दिवाळीनंतरच. पाऊसभर कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.

खुर्ची उलटी करून वेताला खालून गरम पाण्याचा कपडा लावा, चांगला भिजू द्या आणि सावलीत वाळवा. वेत ताणून बसतो.

धागाकर्ती

खूप खूप आभार! खुर्ची आत्ताच उलटी करून भिजवली. मागची एक फळी नखाने खरवडली, खरंच पांढरं लाकूड आहे. औषध उद्या आणते. एकच राहिलं : खणाच्या तळालाही ब्रश फिरवावा लागेल का? पेन्सिलीचे आकडे तेलाने फिसकटतील अशी भीती वाटते. तिथे भोकं नाहीत.