चोवीस गाड्या आणि ऐंशी केव्हीए: चार्जिंगचे वेळापत्रक कसे बसवावे?

हिंजवडी_वाहनतळ (प्रश्न)

हिंजवडी परिसरातील कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची ने-आण करण्यासाठी आमच्याकडे २४ विद्युत मोटारी असून प्रत्येकीची बॅटरी २६ युनिटांची आहे. तळावर प्रत्येक गाडीला ७.२ किलोवॉटचा सिंगल फेज एसी चार्जर आहे, मात्र विजेचा मंजूर भार ८० केव्हीएच (ढोबळमानाने ८० किलोवॉट) आहे. गाडी दिवसाला साधारण १५० किलोमीटर धावते आणि तिला २० ते २२ युनिटे लागतात. सकाळच्या फेऱ्यांनंतर दहा ते साडेतीन या वेळात बहुतेक गाड्या उभ्या असतात; रात्री त्या साडेबारापर्यंत परततात आणि पहिली गाडी पहाटे साडेचारला निघते.

सध्या चालक परतताच प्लग लावतात. परिणामी मुख्य ब्रेकर दोनदा ट्रिप झाला, आणि गेल्या आठवड्यात पहाटेची एक गाडी अर्धवट चार्ज राहिल्याने पाळीवर निघालेले कर्मचारी तासभर रस्त्यावर ताटकळले. असे पुन्हा होऊ नये, ही माझी जबाबदारी आहे. मंजूर भार वाढवून घ्यावा, की आहे त्या भारात वेळापत्रक बसवता येईल?

वीजगणित

भार वाढवण्याआधी युनिटांचा हिशेब मांडावा. सगळे चार्जर एकाच वेळी पूर्ण क्षमतेने चालले तर १७३ किलोवॉट लागतील, आणि हा आकडा पाहूनच लोक घाबरतात. परंतु २४ गाड्यांची दिवसाची गरज फार तर ५२८ युनिटे आहे. कार्यालय व धुलाईच्या पंपासाठी थोडा भार राखून चार्जिंगला ७० किलोवॉट दिले, तर हे काम साडेसात तासांत होते. तुमच्याकडे दुपारचे साडेपाच आणि रात्रीचे किमान चार, असे साडेनऊ तास आहेत. म्हणजे वीज पुरेशी आहे, चुकतो आहे तो क्रम.

क्रम परतण्याच्या वेळेवरून नव्हे, तर गाडीच्या हाती उरणाऱ्या सवडीवरून ठरवावा. निघण्यास उरलेल्या तासांतून चार्जिंगला लागणारे तास वजा केले की सवड मिळते. समजा, रात्री साडेबाराला एका गाडीला १४ युनिटे हवी आहेत आणि ती साडेचारला निघणार आहे. तिला सुमारे दोन तास लागतील, म्हणून सवड दोन तासांची. दुसरीला २० युनिटे हवी आहेत, पण ती आठला निघते. तिची सवड पावणेपाच तासांची. दुसरी आधी आलेली असली तरी वीज पहिलीला आधी मिळाली पाहिजे. ही गणना दर पंधरा मिनिटांनी पुन्हा करावी, कारण उशिरा येणारी एक गाडीही सगळा क्रम बदलू शकते.

शक्य तितके चार्जिंग दुपारी उरकावे. वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या केंद्रीय नियमांत २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार सौर तासांतील, म्हणजे दिवसा सौर वीज मिळते त्या वेळेतील, दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा, अशी तरतूद आहे. तुमच्या जोडणीला कोणता दर लागू आहे, हे मात्र वीजबिलावरूनच पाहावे.

चार्जर_जोडणी

वरील हिशेब बरोबर आहे, पण तो चार्जरवर उतरवताना काही अडचणी येतात. चार्जर ओसीपीपी १.६ (चार्जर व नियंत्रण यंत्रणा यांच्यातील संवादाचे प्रमाण) पाळणारे असतील, तर त्यांना चार्जिंग प्रोफाइल, म्हणजे केव्हा किती प्रवाह घ्यायचा याची सूचना, पाठवून अँपिअरची मर्यादा घालता येते. ही मर्यादा ६ अँपिअरच्या खाली नेता येत नाही. त्याहून कमी द्यायचे तर चार्जिंग थांबवावेच लागते. तसेच सर्वांना थोडी थोडी वीज वाटण्यापेक्षा मोजक्या गाड्यांना पूर्ण वीज देऊन पाळीपाळीने बदलणे मला अधिक योग्य वाटते, कारण अगदी कमी प्रवाहावर गाडीतील चार्जरची कार्यक्षमता घटते. काही गाड्या मात्र चार्जिंग बराच वेळ थांबले की झोपी जातात आणि वीज पुन्हा दिली तरी उठत नाहीत. तुमच्या प्रत्येक मॉडेलवर हे आधी तपासून पाहावे.

एसी चार्जरला गाडीतील चार्जची टक्केवारी कळत नाही. ती गाडीच्या टेलिमॅटिक्समधून (गाडीची माहिती दूरवर पाठवणाऱ्या यंत्रणेतून) घ्यावी, नाहीतर चालकाने प्लग लावताना नोंदवावी. नेट बंद पडल्यास चार्जरने स्वतःहून पाळायची सुरक्षित मर्यादाही आत भरून ठेवावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आर, वाय, बी या तिन्ही फेजवर (वीजजोडणीच्या तीन वेगळ्या तारांवर) चार्जर समान वाटलेले आहेत का? ८० केव्हीएला प्रत्येक फेजवर सुमारे ११५ अँपिअर मिळतात, म्हणजे ३२ अँपिअरच्या जेमतेम तीन गाड्या.

रात्रपाळी_पर्यवेक्षक

प्लग लावणे चालकांच्या सवयीचे आहे, ते बदलायला जाऊ नका. वीज केव्हा सोडायची, ते यंत्रणेने ठरवावे. गाडी निघण्याची वेळ प्रत्यक्ष वेळेपेक्षा अर्धा तास आधीची भरावी, आणि अचानक लागणाऱ्या फेरीसाठी दोन गाड्या नेहमी भरलेल्या ठेवाव्यात.

हिंजवडी_वाहनतळ

सर्वांचा मनापासून आभारी आहे. आज फेऱ्यांच्या नोंदींवरून तक्ता केला. पाचच्या आत निघणाऱ्या गाड्या आठच आहेत, आणि दुपारी चार्ज झाल्यास त्यांना रात्री मिळून ८० युनिटे पुरतात. हे काम दोनच्या सुमारास संपेल. भारवाढीचा अर्ज तूर्त थांबवला आहे.

फेजची जोडणीही तपासली. आर फेजवर १२ चार्जर आहेत, वाय आणि बीवर प्रत्येकी सहा. रविवारी गाड्या उभ्या असताना वायरमनकडून आरवरचे चार चार्जर हलवून घेत आहे. त्यानंतर तिन्ही फेजवरील प्रवाह मोजून आकडे येथे देईन.