अ‍ॅडी-लुईसचा शेवट
'अवर सोल्स अ‍ॅट नाइट' या केंट हॅरफच्या कादंबरीचा शेवट उगाच रडका केलाय असं काही जण म्हणतात, ते नाही पटलं. म्हातारपणी अ‍ॅडीची शेजारच्या लुईसशी जवळीक होते, ती तोडायला तिचा मुलगा नातवाला पुढे करून आईला कोंडीत पकडतो, हे तर घरोघरी चालतं, आणि तरी अ‍ॅडी-लुईस शेवटी रात्री फोनवर बोलतातच की, मग रडका कसला!

अजून एक, कोणी लिहिलं नाही म्हणून सांगते, केंट हॅरफने हे २०१४ मध्ये लिहिलं तेव्हा फुफ्फुसाच्या आजाराने तो स्वतःच शेवटाला आलेला, रोज साधारण एक चॅप्टर करत भराभर संपवलं, नोव्हेंबरमध्ये गेला आणि पुस्तक आलं २०१५ ला. म्हणूनच असेल, पाल्हाळ अजिबात नाही. फक्त संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, सुरुवातीला जरा अडखळायला होतं.