मदत हवी आहे : हलत्या वजनाच्या घरगुती सॉफ्ट बेट रिगमध्ये आमिष कुशीवर का पडते?

नमस्कार,

बास माशासाठी सॉफ्ट प्लॅस्टिक आमिषाचे वजनदार रिग (म्हणजे लाइन, वजन, गळ आणि आमिष यांची जोडणी) विकत न घेता स्वतः जोडावेत, असा माझा प्रयत्न चालू आहे. टेक्सास रिग आणि कॅरोलायना रिग यांत फारशी अडचण येत नाही, कारण तिथे वजन लाइनवर मोकळे सरकते आणि जोडणाऱ्याने फक्त भोकाची कड गुळगुळीत ठेवली, की काम भागते. अडचण येते ती वजन आणि गळ एकमेकांना बिजागरीसारखे जोडलेल्या रिगमध्ये, म्हणजे रशियात रूढ असलेल्या चेबुराश्का वजनाच्या धर्तीवर मी जे करतो त्यात.

माझी रचना सांगतो. शिशाच्या १० ग्रॅमच्या गोळीला बरोबर मध्यातून आरपार भोक पाडून त्यातून ०.९ मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्प्रिंग तार ओवलेली आहे आणि तारेच्या दोन्ही टोकांना गोल चोचीच्या पक्कडीने कड्या वळवलेल्या आहेत. या दोन्ही कड्या एकाच पातळीत, म्हणजे रिग हातात सरळ धरला असता उभ्या आहेत. पुढच्या कडीला लाइन बांधतो. मागच्या कडीत एक लहान स्प्लिट रिंग (किल्ल्यांच्या कडीसारखी दुहेरी वेढ्याची) घालतो आणि त्या रिंगमध्ये ४/० मापाचा रुंद पोटाचा ऑफसेट गळ (ज्याच्या दांड्याला पुढे पायरीसारखे वळण असते) अडकवतो. गळावर १० सेंटीमीटर लांबीचे, दोन नांग्यांचे क्रॉ (क्रेफिशच्या आकाराचे) आमिष टेक्सास पद्धतीने चढवलेले असते, म्हणजे टोक आमिषाच्या पाठीत दडवलेले असते आणि रिग पाणवनस्पतीत अडकत नाही.

वजन असे हलते ठेवण्यामागचा हेतू जाणकारांना ठाऊक असेलच. बास आमिष चावून पकडत नाही, तर तोंड झटकन उघडून पाण्यासह आत ओढतो, आणि गळापासून सुटे वळणारे वजन असेल तर आमिष त्या ओढीबरोबर सहज आत जाते. शिवाय अडकलेला मासा पाण्याबाहेर उसळून डोके झटकतो, तेव्हा दांड्याला घट्ट ओतलेले वजन तरफेसारखे काम करून गळ उचकटू शकते. बिजागरी असेल तर तो जोर बराचसा वाया जातो.

आता प्रश्न. तळावरून हळू ओढताना आमिष ठीक चालते, परंतु रील सलग फिरवू लागताच ते एका कुशीवर आडवे पडते आणि ओढ वाढवली तर गोल फिरू लागते, त्यामुळे लाइनला पीळ बसतो. आमिष गळावर वाकडे चढलेले नाही याची मी खात्री केली आहे. वजन काढून तोच गळ आणि तेच आमिष नुसत्या लाइनला बांधून पाण्यातून ओढले, तर ते सरळ येते. म्हणजे दोष जोडणीत आहे, पण नेमका कुठे, हे कळत नाही. गोळी जड झाली आहे, तार जाड झाली आहे, की भोकाची जागा चुकते आहे?

दुसरी, जराशी वेगळी शंका अशी, की लाइन बांधतो त्या कडीच्या फटीत गाठ सरकते आणि फ्लुरोकार्बनची लाइन तिथे खरवडली जाते. यावर कडी झाळून बंद करणे हाच उपाय आहे का? तसेच पुढे शिसे सोडून कथील वापरण्याचा विचार आहे. साच्यात तेवढ्याच मापाची गोळी ओतली तर रिगच्या वागण्यात काय फरक पडेल, हेही कोणी सांगितले तर आभारी राहीन.

प्रतिसाद १

आपण वर्णन इतके नेमके दिले आहे, की दोष त्यातच सापडतो. वजनाला किंवा तारेच्या जाडीला दोष देऊ नका. अपराधी आहे ती मधली स्प्लिट रिंग.

साखळीतील कोणत्याही दोन कड्या एकमेकींत अडकल्या आणि ताणल्या गेल्या, की त्या परस्परांशी काटकोनात उभ्या राहू पाहतात. नेहमीच्या ऑफसेट गळाचे नेढे (लाइन बांधण्याचे भोक) हे गळाच्या वळणाशी काटकोनात असते. गळ टोक वर करून सरळ धरला, तर नेढ्याची कडी आडवी असते. आडव्या नेढ्यातून जाणारी कडी उभी असायला हवी. आपल्या तारेची मागची कडी उभीच आहे, म्हणजे गळ थेट त्या कडीत घातला असता तर तो आपोआप सरळ राहिला असता. आपण मध्ये रिंग घातली, ती उभ्या कडीत अडकल्यामुळे आडवी झाली, आणि आडव्या रिंगेत नेढे उभे राहू लागले. नेढे उभे म्हणजे गळ कुशीवर. हळू ओढताना जोडण्या सैल असतात म्हणून हे दिसत नाही, ताण वाढला की प्रत्येक कडी आपल्या जागी जाऊन बसते. वजनाशिवाय ओढताना आमिष सरळ का येत होते, याचाही खुलासा यातच आहे, कारण लाइनच्या गाठीला उभे-आडवे काही नसते.

यावर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे रिंग काढून गळ थेट तारेच्या कडीत घालणे. त्यासाठी मागची कडी कायमची बंद न करता, तारेचे टोक गोळीच्या भोकात परत खोचता येईल अशी वळवावी, म्हणजे गळ बदलता येतो. चेबुराश्काची तार अशीच उघडझाप होणारी असते. रिंग ठेवायचीच असेल, तर मागची कडी पक्कडीत धरून तारेला पाव फेरा पीळ द्यावा, म्हणजे ती आडवी होईल, तिच्यातली रिंग उभी राहील आणि नेढे पुन्हा आडवे येईल. मला पहिला मार्ग अधिक पसंत आहे. जोडातला प्रत्येक जास्तीचा दुवा हा गवत अडकण्याची एक जागा असतो. मात्र हा सगळा हिशेब नेहमीच्या नेढ्याच्या गळाचा आहे. जिग (दांड्यावरच वजन ओतलेला गळ) ओतण्यासाठी मिळणाऱ्या काही गळांचे नेढे वळणाच्याच पातळीत असते, तिथे सगळे उलटे होईल, तेव्हा गळ हातात घेऊन पाहिल्याशिवाय तार वळवू नका.

प्रतिसाद २

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त भोकाच्या जागेबद्दलची आपली शंकाही अगदीच निराधार नाही. गोळीच्या बरोबर मध्यातून तार गेली, तर त्या गोळीला खालची आणि वरची बाजू उरत नाही; ती तारेभोवती कशीही फिरली तरी तिचा तोल तोच राहतो आणि रिगला सरळ करण्यात तिचा काहीच हातभार लागत नाही. भोक मध्यापासून दीड-दोन मिलिमीटर वर पाडले, तर जड भाग तारेखाली येतो आणि नावेच्या तळासारखे काम करतो. मात्र तार भोकात घट्ट बसली पाहिजे. सैल असेल तर जड बाजू नुसती खाली लोंबेल आणि तारेला, पर्यायाने गळाला, सरळ करणार नाही. हाच विचार शेवटापर्यंत नेला, की जपानमध्ये रूढ झालेला जिका रिग तयार होतो, ज्यात लांबट वजन गळाच्या नेढ्यापाशी रिंगेतून सरळ खाली लटकते.

कडीच्या फटीबद्दल : झाळण्याची गरज नाही, आणि स्प्रिंग तार तापवली तर तिचा ताठपणा जातो, म्हणून झाळूही नये. पुढची कडी वळवल्यावर तारेचे उरलेले टोक मूळ तारेभोवती दोन-तीन घट्ट वेढे देऊन गोळीला टेकेल असे कापावे आणि कापलेली धार बारीक कानसीने मोडावी. लाइन ब्रेडेड (धाग्यांची विणलेली) असेल तर ती धार अजिबात राहू देऊ नका. तयार रिग स्प्रिंगच्या काट्याला अडकवून ओढून पाहणे उत्तम; १५ पौंडांची लाइन म्हणजे सुमारे ६.८ किलो, तेवढ्या ओढीला कडी उघडता कामा नये.

प्रतिसाद ३

कथिलाविषयी लिहितो. शिशाची घनता ११.३ आणि कथिलाची ७.३ आहे. म्हणून तेवढ्याच मापाच्या साच्यात आपल्या १० ग्रॅमच्या जागी जेमतेम साडेसहा ग्रॅमची गोळी मिळेल आणि रिग लक्षणीय सावकाश बुडेल. वजन तेवढेच हवे असेल तर व्यास सुमारे १२ मिलिमीटरवरून १४ मिलिमीटरच्या आसपास जाईल. त्यातही एक बारकावा आहे. मोठी गोळी पाणी जास्त बाजूला सारते, त्यामुळे पाण्यात १० ग्रॅमचे शिसे जेवढे भरते तेवढे भरण्यासाठी कथील साडेदहा ग्रॅम लागते. टंगस्टन याच्या उलट, लहान आणि टणक असते व तळाचा खडक हाताला स्पष्ट कळवते, परंतु त्याचा वितळणबिंदू ३,४०० अंश सेल्सिअसच्या पुढे असल्याने घरी ओतण्याचा प्रश्नच येत नाही.

कथील २३२ अंशांना वितळते, शिशाला ३२७ अंश लागतात. साचा किंचितही ओला असला तर दोन्ही धातू वाफेमुळे उसळून अंगावर येतात, ही काळजी कथिलातही सुटत नाही. सुटते ती विषाची काळजी. शिशाच्या गोळ्या गिळून पाणपक्षी मरतात, याच कारणाने ब्रिटनमध्ये १९८७ सालापासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅम या टप्प्यातील शिशाच्या बहुतेक गळवजनांवर बंदी आहे. शिसे भोकण्याचे आणि कानसण्याचे काम करीत असाल तर त्याचा कीस स्वयंपाकाच्या जागेजवळ पडू देऊ नका आणि हात लगेच धुवा.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. मधली रिंग काढून गळ थेट कडीत घातला आणि सलग रील फिरवली; आमिष पाठ वर ठेवूनच येते आणि लाइनला पीळ बसत नाही. तारेचे वेढे देऊन केलेली कडीही ओढीला टिकली. एक गोष्ट मात्र नव्याने दिसली, की गळ थेट अडकवल्यावर आमिषाचे नाक गोळीला घासते आणि तिथले प्लॅस्टिक लवकर फाटते. मागची कडी दोन-तीन मिलिमीटर लांब ठेवली तर चालेल का, की त्यामुळे बिजागरी ढिली पडेल?

प्रतिसाद १

चालेल, परंतु कडी लांबट आणि अरुंद ठेवा, गोल मोठी करू नका. गोल कडीत नेढे बाजूला सरकून पुन्हा तिरके बसते. अरुंद कडीत त्याला शेवटच्या वळणाशी येऊनच थांबावे लागते.